संपादकांवर खटला भरावा काय?

आमच्या घरमालकांना स्वतःवर टीका झालेली आवडायची. मात्र ती नीट केलेली नसली तर त्यांचं डोकं फिरायचं. हे मी गमतीनं लिहीत नाही. चिंचवड स्टेशनजवळ त्यांचा एक ट्रेडल मशीनचा छापखाना होता. लग्नपत्रिका, कंपन्यांची गेटपास बुकं, चाकणच्या कांद्याच्या आडत्यांची पावतीपुस्तकं असलं काम करून जो वेळ उरेल त्यात ते चार पानांचं एक साप्ताहिक काढायचे. त्यात त्यांच्याविरुद्ध कुणी पत्र धाडलं आणि ते कच्चं निघालं, की स्वारी सायकलवर टांग मारून थेट त्या माणसाच्या दारात. "अहो, तुमचा राग रास्त आहे, पण मुद्दा लंगडा आहे. असं लिहा." मग त्याच्याच ओट्यावर बसून, त्याचाच चहा पिऊन, स्वतःविरुद्धचं पत्र स्वतःच धडधाकट करून आणायचे. आणि छापायचे पहिल्या पानावर.

सगळे त्यांना संपादक म्हणत. मीही तेच म्हणतो. सडसडीत माणूस, खादीचा सदरा, उजव्या हाताची बोटं कायम शाईनं काळी. जेवायचे उभ्यानं, एका हातात पोळीची गुंडाळी आणि दुसऱ्या हातात प्रूफ. बायको फार पूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. बोलायचे सगळ्यांशी अहो-जाहोनं. दारातल्या कुत्र्यालासुद्धा "अहो, सरका जरा" म्हणायचे, आणि ते सरकायचं.

त्यांचा एक नियम होता, तो छापखान्याच्या भिंतीवर रंगवून घेतला होता: नाव नसलेले पत्र छापले जाणार नाही. नाव, गाव, धंदा, तिन्ही हवं. निनावी पत्र आलं की ते वाचायचेसुद्धा नाहीत, सरळ चुलीत. "ज्याला नाव सांगायचं नाही त्याला मत कशाला हवं?" असं त्यांचं म्हणणं. मला हे फार बाणेदार वाटायचं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, त्यामुळे पुष्कळच गोष्टी बाणेदार वाटायच्या.

मी त्यांचा भाडेकरू. छापखान्यामागच्या दोन खोल्यांत आम्ही नवराबायको राहायचो. मूळचा मी उस्मानाबादकडचा. सरकारी नोकरी लागली म्हणून इकडे आलेला. कारखान्यांसाठी जमिनी घ्यायच्या असत, त्या कामाच्या एका ऑफिसात मी टायपिस्ट होतो. संध्याकाळी हौसेनं साप्ताहिकाची प्रूफं तपासायचो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे लपवाछपवी नको. सरकारी गुपित छापलं म्हणून संपादकांना तुरुंगात जावं लागलं. ते गुपित त्यांना मी दिलं होतं. हे संपादकांना, मला आणि आमच्या मंडळींना सोडून कुणालाच माहीत नव्हतं. माझी नोकरी, माझं घर, गावाकडे माझ्या मनीऑर्डरीवर चाललेली आई, सगळं त्या एका नावावर उभं होतं, आणि ते नाव संपादकांच्या तोंडात होतं.

झालं असं. चाकणकडच्या चार गावांमधली कुठली जमीन घ्यायची त्याची यादी मी टाइप केली होती. गट नंबर, क्षेत्र, मालकाचं नाव. वर 'गोपनीय' असा शिक्का. जाहीर व्हायला अजून सहाएक महिने होते. आमच्याकडे निघोज्याचे एक गृहस्थ सायकलला कॅन लावून दूध घालायला येत. एका सकाळी माप ओतता ओतता म्हणाले, "माळाचं रान इकलं, साहेब. पुण्याचं पाव्हणं आलं हुतं जीपमधनं. द्राक्षं लावणार म्हणं. त्या मुरमाडावर द्राक्षं, आता बोला. आमी म्हणलं, लाव बाबा."

मी सहज गट नंबर विचारला. त्यांनी सांगितला. तो माझ्या यादीत होता.

म्हणजे यादी फुटलेलीच होती. ज्याला फायदा करून घ्यायचा त्याच्या हातात ती कधीच पोचली होती. गुपित होतं ते फक्त ज्यांची जमीन जाणार त्यांच्यापासून. तीन दिवस मी रोज ऑफिसात ती यादी काढून तो गट नंबर पुन्हा पुन्हा बघत होतो. चौथ्या दिवशी मी यादीची एक जादा कार्बन प्रत काढली आणि संध्याकाळी तपासलेल्या प्रूफांच्या मध्ये घालून संपादकांच्या टेबलावर ठेवली. सकाळी ते एवढंच म्हणाले, "आकडे नीट बघा हं. अक्षर चुकलं तर लोक हसतात, आकडा चुकला तर रडतात."

यादी छापून आली. मूळ कागद त्यांनी चुलीत घातला आणि त्यावर दोघांसाठी चहा केला. चार गावांत हलकल्लोळ झाला, जीपवाल्यांना लोकांनी वेशीवरून परत धाडलं. आमच्या ऑफिसानं मात्र शहाणपणा केला. ही निव्वळ अफवा आहे, असं म्हणून गप्प बसले. अफवेवर खटला भरता येत नाही. प्रकरण तिथेच निवलं असतं.

पण माझ्या हातून एक आकडा चुकला होता. प्रूफ तपासताना माझं निम्मं लक्ष दाराकडे होतं, दोनशे अठराच्या जागी दोनशे एक्क्याऐंशी राहून गेलं. दोनशे एक्क्याऐंशीचा मालक धावत छापखान्यात आला. जमीन जाणार म्हणून त्याच्या मुलीच्या ठरलेल्या सोयरिकीत विघ्न आलं होतं. त्याच वेळी दोनशे अठराचा मालक निर्धास्त होता आणि जीपवाल्याशी बोलणी करत होता. संपादकांनी मला बोलावून खरा आकडा विचारला. तो मला पाठ होता. मग ते छपाईचे खिळे जुळवायला बसले: मागील अंकात गट क्रमांक चुकीचा छापला गेला, योग्य क्रमांक असा, वाचकांना झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत.

मी म्हणालो, "दुरुस्ती छापू नका. अफवेला कुणी दुरुस्ती छापतं का? आपल्याकडे अस्सल कागद होता हे आपणच लिहून दिल्यासारखं होईल."

"होईल," ते म्हणाले.

"मग सगळं अंगावर येईल."

"त्या माणसाच्या अंगावर आत्ता आलंय. त्याची मुलगी घरात रडतेय. आपलं यायला अजून आठ दिवस आहेत."

बरोबर आठ दिवसांनी पोलीस आले. छापखान्याची झडती झाली, काही सापडलं नाही. पण दुरुस्तीचा अंक पुरेसा होता. त्यातला आकडा सरकारी कागदाशी तंतोतंत जुळत होता. आपण केलेली चूक सुधारली म्हणून पकडला गेलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

सरकारी गुपितांच्या कायद्याखाली खटला भरायचा तर वरून मंजुरी लागते. ती येईपर्यंत महिना-दीड महिना गेला. या काळात दुसरा कुणी असता तर वकिलाकडे खेटे घातले असते. संपादकांनी काय करावं? पहिल्या पानावर चौकट टाकली: 'प्रस्तुत संपादकावर खटला भरावा काय? वाचकांनी मत कळवावे. नाव, गाव, व्यवसाय आवश्यक.' मी कपाळावर हात मारून घेतला.

पत्रं आली, आणि ढिगानं आली. कंपनीच्या बसमध्ये, कँटीनमध्ये, चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्यांवर बसून लोक यावर भांडायला लागले. किती बाजूनं, किती विरुद्ध, असं मी एकदा मोजायला घेतलं तर संपादकांनी माझ्या हातातून गठ्ठा काढून घेतला. "मतं वाचायची असतात, मोजायला काय ते कांदे आहेत?" म्हणाले.

विरोधातलं पहिलं दमदार पत्र पिंपळे गुरवच्या एका निवृत्त सुभेदारांचं. दमदार झालं ते अर्थात संपादकांनी सायकल मारल्यानंतर. मीही त्या दिवशी बरोबर होतो. सुभेदार आधी गांगरले. खटला भरा म्हणणाऱ्याच्या दारात आरोपीच येऊन बसलेला. मग तावातावानं म्हणाले, "हे बगा, आमी चौकीवर असताना येक कागद फुटला असता तर आमची अख्खी तुकडी गेली असती. तवा पेपरवाल्यानं म्हणायचं का, लोकांना कळाया पायजे? न्हाई. गुपित म्हंजी गुपित. तुमी माणूस चांगलं असाल, पर खटला भराया पायजे."

"हेच लिहा ना," संपादक म्हणाले. "पत्रात तुम्ही नुसतं 'कायदा मोडला' म्हणालात. चौकीचं लिहा. कागद कोणता धोक्याचा आणि कोणता नाही हे छापणाऱ्यानं कशावरून ठरवायचं, हे विचारा मला. त्याला माझ्याकडे उत्तर नाही."

"उत्तर न्हाई तर मग छापलं कशाला?" सुभेदारांनी डोळे बारीक केले.

"छापल्यावर कळलं, उत्तर नाही ते."

सुभेदारांनी आत वळून आणखी एक चहा सांगितला.

दुसरा प्रसंग इस्माईलभाईंचा. रस्त्यापलीकडे त्यांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. ट्रेडल अडलं की तेच येऊन सोडवायचे. एका दुपारी मशीनखालून डोकं बाहेर काढून म्हणाले, "संपादकसाब, माझं मत लिहून घ्या. खटला भरू नये. जीपवाल्याला यादी देणारा सुटला आणि गरिबाला सांगणारा आत, ये कौनसा इन्साफ? पण नाव नका टाकू."

संपादकांनी भिंतीकडे बोट केलं.

इस्माईलभाई उठून बसले. हात पुसत शांतपणे म्हणाले, "सरकारी गुपित, आणि त्याच्या खाली माझ्यासारख्याचं नाव. उद्या फौजदार माझ्या गॅरेजात येऊन पाना-पाना उचकून बघणार. तुमच्यासाठी लोक मोर्चा तरी काढतील. माझ्यासाठी? आणि राव, एक नाव तुम्ही पोटात ठेवून बसलात ना? सारा गाव विचारतोय, सांगत नाही. मग माझं ठेवायला जागा नाही?"

मी तिथेच प्रूफावर मान घालून बसलो होतो. त्या अंकात 'एका मेकॅनिकचे मत' म्हणून ते पत्र आलं. खाली दोन ओळी होत्या. आजवर नाव नसलेली पत्रं न वाचता जाळली, ती चूक झाली, कुणाला कशाची भीती असेल हे पाहायला हवं होतं, त्या सर्वांची क्षमा मागतो. मग भिंतीवरचा नियम त्यांनी स्वतः चुन्यानं पुसला. पुसल्यावरही तो नीट वाचता यायचा, चुना पातळ झाला होता.

आणि मग माझी पाळी आली. मी संपादकांच्याच घरात राहतो हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "तुमच्या मालकांना कागद कुणी दिला?" मी म्हटलं, मला कल्पना नाही. साहेब म्हणाले, "नसेल. मग तसं जाहीर दिसू द्या. त्यांनी मतं मागवलीत ना? खटला भरावा म्हणून लिहा. सही-नावानिशी. रविवारच्या अंकात मला दिसलं पाहिजे."

घरी येऊन मी पत्र खरडलं आणि मान खाली घालून संपादकांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि चक्क वैतागले.

"देशद्रोही काय लिहिलंय? ही शिवी झाली. शिवीनं साहेबांचं समाधान होईल, पण संशय जाणार नाही. मनापासून लिहिलंय असं वाटलं पाहिजे. बसा." आणि ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. "सरकार चुकलं तर लोक ते बदलू शकतात, संपादक चुकला तर त्याला कोण बदलणार? या संपादकाला कुणी निवडून दिलं? आज त्यानं शेताची यादी फोडली, ती लोकांच्या भल्याची निघाली, पण भलं कशात हे त्यानं एकट्यानं ठरवलं. हेतू चांगला असेल तर त्यानं तो न्यायालयात सांगावा. ज्याला कायदा मोडायचा आहे त्यानं शिक्षा टाळू नये." थांबून म्हणाले, "हा शेवटचा मुद्दा चांगला आहे. मला आधी का सुचला नाही?"

आमची मंडळी दारात उभी राहून ऐकत होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. माझा पेन चालेना. मी म्हटलं, "संपादक, मी उद्या जाऊन सगळं सांगून टाकतो."

तेवढं एकदाच ते माझ्यावर चिडले. "मग मी कुणाला वाचवतोय? तुमच्या आईला मनीऑर्डर मी पाठवू? लिहा पुढे."

त्या सबंध महिन्यातलं सगळ्यात ताकदीचं पत्र ते. बाजारात, ऑफिसात लोक मला थांबवून म्हणायचे, "भाऊ, मालकाचा मुलाहिजा ठेवला नाहीत, मानलं तुम्हाला." साहेब खूश झाले. मंजुरी आली. पुण्याच्या कोर्टात सरकारी वकिलांनी माझं पत्र वाचून दाखवलं, खुद्द आरोपीच्या छपराखाली राहणाऱ्या सज्जन नागरिकाचं मत म्हणून. मी मागच्या बाकावर होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आरोपी मात्र पिंजऱ्यात मान हलवून दाद देत होता.

कागद कुणी दिला, असं न्यायाधीशांनी तीनदा विचारलं. नाव सांगितलंत तर शिक्षेत विचार करू, असंही म्हणाले. संपादक म्हणाले, "कागद मी छापला, त्याचं काय ते बोला. नाव माझं नाही, दुसऱ्याचं आहे. दुसऱ्याची वस्तू मी परस्पर कशी देऊ?"

तीन महिने साधी कैद. येरवड्याला त्यांना भेटायला सुभेदार दर पंधरवड्याला जात. कुणी छेडलं तर म्हणत, "माझं मत आजबी त्येच हाय. त्येचा भेटायला जायाशी काय संबंध?"

यादी छापून भलं झालं का? दूधवाल्यांची जमीन तर आधीच गेली होती. पुष्कळांनी विक्री थांबवली आणि त्यांना पुढे बरा मोबदला मिळाला. पण सरकारनं आखणी थोडी सरकवली आणि यादीत नसलेल्या काही वस्त्या तीत आल्या. तिथल्या एकानं लिहिलं, तुमच्या छापण्यानं शेजारी वाचले आणि आम्ही मेलो. तुरुंगातून सुटल्यावर पहिल्याच अंकात संपादकांनी हे पत्र सगळ्यात वर छापलं. त्यात त्यांनी एका अक्षराचा बदल केला नाही. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणाले.

दहाएक वर्षं गेली. साप्ताहिक बंद पडलं होतं, छापखाना विकला होता, संपादकांना दमा जडला होता. आम्ही पिंपरीला स्वतःच्या जागेत राहायला गेलो होतो. मी मुख्य लिपिक झालो होतो, अधीक्षकाची जागा तोंडावर आली होती, आणि तशात आमच्या ऑफिसातली एक यादी वर्तमानपत्रात फुटली. जमीन गेलेल्यांना जे भूखंड द्यायचे त्यांच्या यादीत भलत्याच लोकांची नावं घुसली होती, ती जशीच्या तशी छापून आली. नवे साहेब हादरले. मला म्हणाले, "कुणी दिली ते तुम्हाला कळल्याशिवाय राहणार नाही. खटला भरावा का, कुणावर, तुमचा अभिप्राय सोमवारपर्यंत द्या. तुमच्या बढतीची फाइलही सोमवारीच वर जातेय."

मला माहीत होतं. माझ्या हाताखालच्या टायपिस्टाला मी जादा प्रत खिशात घालताना पाहिलं होतं.

रविवारी संपादकांकडे गेलो. ते उशीला टेकून बसले होते. मी सगळं सांगितलं. यादी चुकीची होती हे खरं, पण शिस्तही हवी, असं कसं चालेल, प्रत्येक कारकुनानं आपल्या मनानं ठरवलं तर त्याला कुणी निवडून दिलं, वगैरे. बोलता बोलता लक्षात आलं की हे मी मनापासून बोलतोय. माझ्या त्या पत्रासाठी त्यांनी सांगितलेले मुद्दे केव्हा माझे झाले, मला कळलंही नव्हतं. संपादक मान डोलवत ऐकत होते. मधून म्हणालेही, "हा मुद्दा बरोबर आहे." मला हुरूप आला. मी म्हटलं, "माणूस तसा वाईट नाही हो, गरीब घरचा आहे, पण मूर्खपणा केला." आणि त्याचं नाव सांगितलं. आडनावासकट.

संपादकांची मान थांबली.

"नाव कशाला सांगितलंत?"

"तुम्हाला सांगायला काय हरकत आहे?"

"मी विचारलं नव्हतं," ते म्हणाले.

मग त्यांनी श्वास जमवत सांगितलं, "तीन महिन्यांत कितीदा तरी तुमचं नाव जिभेवर आलं. तिथला एक हवालदार भला माणूस होता, रोज गप्पा मारायचा. त्याच्याशी बोलताना दोनदा सुटता सुटता राहिलं. म्हणून मग मी त्याच्याशी बोलणंच सोडलं. फार वाईट वाटलं त्याला." एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी उठून आलो. तोंड दाखवायला जागा उरली नव्हती.

सोमवारी साहेबांपुढे अभिप्राय ठेवला. यादीची चौकशी व्हावी, एवढंच लिहिलं होतं. साहेबांनी पान उलटून मागची बाजू पाहिली.

"कुणी दिली, ते नाहीच का कळलं?"

"कळलंय, साहेब. पण लिहिणार नाही."

"बढतीचं लक्षात आहे ना?"

"आहे."

त्यांनी माझ्या बढतीची फाइल मिटली आणि ढिगाच्या तळाशी घातली. मी जागेवर येऊन बसलो. समोर तो टायपिस्ट होता. मी केबिनमधून येईपर्यंत त्याच्या मशीनवर कोरा कागद तसाच चढवलेला होता. चेहरा पांढराफटक. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "साहेब, तुमच्यासाठी चहा सांगू का?"

मी म्हटलं, "सांग. दोन सांग."